नळीचा आकडा रेफर चिठ्ठीवर हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खानापूर, निपाणी, चिकोडीकडून बेळगावला किंवा कोल्हापूरला हलवलेल्या अत्यवस्थ रुग्णाच्या श्वासनलिकेत पुष्कळदा आधीच नळी घातलेली असते. चिठ्ठीवर औषधे असतात, रक्तदाब असतो. नळी कितव्या नंबरची (म्हणजे आतून किती मिलिमीटर रुंद) आणि दातांपाशी किती सेंटिमीटरवर बांधली, एवढेच नेमके नसते.

नळीच्या अंगावर सेंटिमीटरच्या खुणा छापलेल्या असतात. प्रौढ स्त्रीला साधारण ७ किंवा ७.५ नंबरची नळी लागते आणि दातांपाशी २१ची खूण येते. पुरुषाला ८ नंबर आणि २३ची खूण. निघताना २२ असलेली खूण पोचल्यावर २६ दिसली, तर नळी बहुधा उजव्या फुप्फुसाच्या शाखेत उतरलेली असते, कारण ती शाखा डावीपेक्षा सरळ जाते. डावे फुप्फुस मग हवेविना राहते. पण निघतानाचा आकडाच माहीत नसेल, तर नळी सरकली हे ओळखायचे कसे? मान पुढे झुकली की नळी आत जाते, मागे कलली की वर येते. लहान मुलाची श्वासनलिका इतकी आखूड, की एखाद-दोन सेंटिमीटरनेही नळी निसटते.

जांबोटीकडचे खड्डे वाईटच, पण स्ट्रेचर उचलण्याचा क्षण त्याहून घातक. त्या वेळी अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, नळीपासून क्षणभर सोडवावी, एकाने डोके आणि नळी दोन्ही धरावीत, बॅग जोडून खूण पुन्हा वाचावी. चालत्या गाडीत स्टेथोस्कोपने काही ऐकू येत नाही. बोटावरचा ऑक्सिमीटर उशिरा बोलतो. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ मात्र नळी निसटली की काही श्वासांतच सपाट रेघ दाखवतो. तो प्रत्येक रुग्णवाहिकेत हवाच.

नळीच्या टोकाजवळच्या फुग्यात सिरिंजभर हवा अंदाजाने भरू नये. दाब २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका हवा. कमी पडला तर लाळ आणि उलटी फुप्फुसात उतरते. जास्त झाला तर श्वासनलिकेच्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो. त्या फुग्याला जोडलेली बाहेरची फुगी चिमटीत दाबून हा दाब कळत नाही, त्याला मॅनोमीटर लागतो.

अंबू बॅग नातेवाइकांच्या हाती देणे तर थांबलेच पाहिजे. प्रौढाला दर ६ सेकंदांनी एक श्वास पुरतो. घाबरलेला माणूस ती भराभर दाबतो, छातीत हवा कोंडते आणि रक्तदाब पडतो. त्यात त्याचा काय दोष?

जिल्हा आरोग्य खात्याने रेफर चिठ्ठीच्या नमुन्यात दोन रकाने वाढवावेत : नळीचा नंबर आणि दातांपाशी सेंटिमीटर. नुसते आकडेच असल्याने कन्नड-मराठीची अडचणही येणार नाही.

आपले,
भूल विभागातील दोन तंत्रज्ञ, बेळगाव