बाई, तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर

प्रिय बाई,

इंग्रजीच्या वर्गात सगळे तुम्हाला नावानं हाक मारतात. पहिल्या दिवशी तुम्ही मलाही तसंच सांगितलं होतं, पण माझी जीभ वळेना. कराडला आमच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंचं नाव कुणी तोंडावर घेत नसे. दोनदा सांगून पाहिल्यावर तुम्ही विचारलंत, ‘तुमच्याकडे काय म्हणतात?’ आणि दुसऱ्या दिवसापासून ‘बाई’ म्हटलं की ओ द्यायला लागलात.

हे पत्र मराठीत लिहितेय, कारण जे सांगायचंय ते अजून इंग्रजीत धड सांगता येत नाही. मेलबर्नमधल्या आपल्या मराठी बायकांनीही ते वाचावं असं वाटतं.

तुम्ही मला फोन लावून देऊन दार ओढून घेतलंत आणि दुसऱ्या दिवशी ‘बरोबर केलं ना?’ असं विचारलंत, त्याचं हे उत्तर. त्या फोनच्या तीन आठवडे आधी मी एका दवाखान्यात गेले होते. छातीत गाठ लागत होती. ह्यांची गोदामात पाळी होती, म्हणून लेकाला सोबत नेलं. नऊ वर्षांचा पोर. डॉक्टर माझ्याकडे बघेचनात. सगळं त्याला सांगायचे आणि म्हणायचे, ‘आईला सांग.’ त्याला अर्ध्या शब्दांचा अर्थ माहीत नव्हता. तो म्हणाला, ‘आई, तुला आत काहीतरी झालंय, पण घाबरू नको म्हणतायत.’ त्या रात्री तो माझ्या अंथरुणात येऊन म्हणाला, ‘तू मरणार आहेस का?’

इथे खाजगी डॉक्टरांना मेडिकेअरच्या, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याच्या, पेशंटसाठी दुभाषी फोनवर फुकट मिळतो. फोनवरून दुभाषी मिळायची सेवा तर १९७३ पासून आहे. तिथं कुणी त्या सेवेचा नंबर फिरवला नाही. मला आजही त्याचा राग येतो. त्याआधी एका शाळेतही ‘घरी मुलाशी इंग्रजीतच बोला’ असं सांगून झालं होतं. मी ते ऐकलंही, बाई. चार महिने मी माझ्या लेकाशी तुटक तुटक बोलत होते. माया करायला लागणारे शब्दच त्या भाषेत माझ्याकडे नव्हते.

मग रुग्णालयाचं पत्र आलं. शाळेला सुट्टी होती म्हणून लेक वर्गाबाहेर बसला होता. जेवणाच्या सुट्टीत मी ते पत्र तुमच्यासमोर धरलं, आणि सवयीनं त्यालाच हाक मारली. तुम्ही पत्राची घडी घातलीत, वर तळहात ठेवलात आणि त्याच्या हातात रंगपेट्या देऊन त्याला पॅसेजच्या टोकाला बसवून आलात.

तुमचं काम मला इंग्रजी बोलायला लावायचं. स्वतः वाचून सोप्या शब्दांत सांगणं तुम्हाला सहज जमलं असतं. तुम्ही क्षणभर थांबलात, तुमच्या चेहऱ्यावरची घालमेल मला दिसली. मग तुम्ही १३१ ४५० हा दुभाषी सेवेचा नंबर लावलात, फोन माझ्यासमोर ठेवलात आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलंत.

पलीकडून ‘नमस्कार ताई’ ऐकू आलं. बोलण्यात विदर्भाचा हेल होता. मी आधी रडलेच. मग मला जे जे विचारायचं होतं, ते माझ्या भाषेत विचारलं. मूल मध्ये नसलं की आई काय काय विचारू शकते! (गाठ साधी निघाली. त्यावर आणखी लिहीत नाही.)

तसं तुमचं मन मला आधीही दिसलं होतं. पुस्तकात ‘माय फॅमिली’चं पान आलं, आई, बाबा, दोन मुलं, कुत्रा. आमच्यातल्या अफगाण ताईनं पेन्सिल खाली ठेवली. तुम्ही तिला काही विचारलं नाहीत. पान उलटलंत आणि त्या दिवशी आम्ही भाजीबाजार शिकलो. हे वर्ग १९४८ पासून चालू आहेत, युद्धानंतर युरोपातून आलेल्या निर्वासितांसाठी ते सुरू झाले, असं तुम्हीच सांगितलं होतं. तेव्हापासून किती जणांनी अशी पेन्सिल खाली ठेवली असेल, आणि किती शिक्षकांनी मुकाट्यानं पान उलटलं असेल! असल्या माणसांची कुठे नोंद होत नाही, पण परक्या मुलखात आमच्यासारख्यांचं पाऊल टिकतं ते त्यांच्यामुळेच.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एकच वाक्य घोटून घ्यायला लावलंत, ‘आय नीड अ मराठी इंटरप्रिटर, प्लीज.’ त्यानंतर ते मी दोनदा वापरलंय, ठणकावून. आणि घरी मराठीतच बोला, असं तुम्ही सांगितलंत. लेक आता रात्री झोपताना पुन्हा गोष्ट मागतो.

त्याच दिवशी तुम्ही हळूच विचारलं होतंत, ‘मी दार लावलं ते बरोबर केलं ना? तुला एकटं तर वाटलं नाही?’ तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, नुसती मान हलवली.

नाही बाई, एकटं नाही वाटलं. दाराला काच होती. फोन संपेपर्यंत काचेतून तुमची पाठ दिसत होती. कुणी आत येऊ नये म्हणून तुम्ही जेवण सोडून तिथे उभ्या होतात.

तुमची,
तिसऱ्या बाकावरची विद्यार्थिनी