फासे कोरडे, बोटं कोरडी

वरुड,
२० डिसेंबर

प्रिय मधू,

पत्र मिळालं. ३१ तारखेला रात्री नऊ ते दोन, ओसरीत सहा जण, डी अँड डी, म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ, आणि खायला काय करू म्हणतोस. तुझ्या यादीत पहिल्याच ओळीवर तर्री पोहे आहेत, ते आधी खोड. सकाळी सात वाजता टपरीवर तर्रीसारखं दुसरं काही नाही, पण या खेळात हात सारखा फाशावर नाहीतर पेन्सिलीवर असतो. पात्राच्या कागदावर हिट पॉइंट्सचा, म्हणजे पात्रात जीव किती उरला त्याचा, तो चौकोन आठव. एका लढाईत दहादा खोडून लिहावा लागतो. तिथं तेलाचं बोट लागलं की पेन्सिल उमटत नाही, आणि खोडरबर फिरवला की डाग पसरून सगळा चौकोन काळपट होतो. गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी १९७४ साली हा खेळ छापून बाजारात आणला, तेव्हा त्यांच्यासमोर लाल तर्री नव्हती.

म्हणून खाणं सरळ दोन वाट्यांत विभाग. डाव चालू असताना कोरडं, तेही चमच्यानं. ओलं आणि तेलकट सगळं मधल्या सुट्टीत, टेबलापासून दूर.

कोरड्यात चिवडाच कर, फुटाणे-मुरमुरे सोबतीला. सहा जणांना अर्धा किलो पातळ पोहे पुरून उरतात. पोहे दोन-तीन तास उन्हात टाक, मग कढईत मंद आचेवर चुरचुरेपर्यंत भाज. आच मोठी झाली की पोहे आकसून बारीक होतात, मग त्यांचं काही होत नाही. अर्धी वाटी फल्ली (शेंगदाणा) तेलात आधी १०० ग्रॅम दाणे तळून काढ, मग ५० ग्रॅम खोबऱ्याचे काप, ते लालसर होताच बाहेर. उरलेल्या तेलात मोहरी, हिंग, तीळ, आठ-दहा मिरच्यांचे तुकडे आणि दोन मुठी गोडलिंब. इथंच बहुतेकांचा चिवडा बिघडतो. मिरची आणि पान काचेसारखं कडक होईपर्यंत थांबायला हवं. त्यात ओल राहिली तर ती रात्रभरात पोह्यांत उतरते आणि सकाळी चिवडा चिवट. गॅस बंद करून मग हळद, मीठ, १०० ग्रॅम डाळं आणि शेवटी पोहे. पिठीसाखर दोन चमचे, पण पूर्ण निवल्यावर. कोमट चिवडा डब्यात भरलास तर झाकणाला आतून पाणी धरतं.

हळद नेहमीच्या निम्मी, अर्धा चमचाच घाल. पांढऱ्या फाशांवर ती चटकन बसते. प्रत्येकाला वेगळी वाटी आणि वेगळा चमचा दे. एकच परात मध्ये ठेवलीस की सगळे हातानं खाणार, आणि डीएमचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, हात त्याच्या पडद्यामागून सगळ्यात जास्त वेळा येणार. वर्तमानपत्राचे कागद अंथरू नको, शाई बोटांना लागते.

आता सुट्टीचं खाणं. त्यात मी सांबारवडीच्या पलीकडे बघत नाही; सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. डिसेंबरात सांबार स्वस्त आणि कोवळा, तेव्हा हीच वेळ. निवडून, चिरून चार गच्च वाट्या व्हायला हव्यात. चिरण्याआधी धुऊन सुती कापडावर तीन-चार तास पसर. ओला सांबार ही या वडीची अर्धी दुखणी. सारणाला पाणी सुटतं, पारी मऊ पडते आणि कढईत वडी फुटून तेल उडतं. दोन चमचे खसखस, दोन चमचे तीळ आणि अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं वेगवेगळं भाजून घे. थोड्या तेलात आलं-लसूण-मिरचीचं वाटण परत, त्यात सांबार टाकून एक मिनिट, जास्त नाही, हिरवा रंग राहिला पाहिजे. खाली उतरवून भाजलेलं सगळं आणि चमचाभर गरम मसाला मिसळ. मीठ मात्र वड्या भरायला बसशील तेव्हाच, नाहीतर पुन्हा पाणी.

पारीला दोन वाट्या बेसन, एक वाटी कणीक, ओवा, तिखट, मीठ, तीन चमचे कडकडीत तेलाचं मोहन. पीठ घट्ट भिजव. सुपारीएवढी गोळी, पातळ लांबट पुरी, आतून चिंच-गुळाच्या दाट कोळाचं बोट फिरव, सारण भर, कडेला पाणी लावून दाब आणि दोन्ही टोकं बंद कर. बोटाएवढीच वडी ठेव, दोन घासांत संपली पाहिजे. अशा चोवीसेक होतील. मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं तळ. घाईत आच वाढवलीस तर वरून रंग येतो, बेसन आत कच्चं राहतं आणि दहा मिनिटांत वडी लोळागोळा.

आठ वाजताच सगळ्या वड्या फिक्या तळून ठेव. भरून नुसत्या ठेवल्यास तर पारी ओली होते. साडेअकराला लढाई संपली की कडक तेलात मिनिटभर पुन्हा टाक, कुरकुरीत निघतात. सोबत गरम कढी: लिटरभर आंबट ताकात दोन चमचे बेसन थंडच घुसळ, मंद आचेवर सारखं ढवळत पहिल्या उकळीपर्यंत आण, मीठ शेवटी. ढवळणं सोडलंस की फुटली.

तुरीच्या शेंगा संध्याकाळी, पाहुणे येतील तेव्हा. भरपूर मिठाच्या पाण्यात वीस मिनिटं उकडून त्याच पाण्यात पंधरा मिनिटं राहू दे, तेव्हा दाण्यापर्यंत मीठ पोचतं. सालांना टोपली ठेव. हुरडा या रात्री नकोच. तो गोवऱ्यांच्या आरावरून थेट हातावर चोळून खायचा, गार झाला की मजा गेली. हुरडा आणि ड्रॅगन दोघांनाही पूर्ण लक्ष लागतं.

पिण्याला आपली संत्री. आंबिया बहार बाजारात आहे, सहा छोट्या ग्लासांना अठरा-वीस लागतील. रस आधी काढून ठेवू नको, नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की कडू होत जातो. मिक्सरमध्ये बी फुटली तर लगेचच होतो. हातानं पिळ, गाळ, लगेच दे. एक गंमत कर: औषधाच्या लहान नव्या बाटल्या आणून त्यात रस भर. खेळात ‘पोशन ऑफ हीलिंग’ वापरलं की चार बाजूंचे दोन फासे टाकून बेरजेत २ मिळवायचे, तेवढे पॉइंट परत. ज्याचं पात्र ते पिईल त्यानं खरोखर बाटली संपवायची. बाटल्या ऐनवेळी भरायच्या, एवढं लक्षात ठेव.

एक वाजता गुळाचा चहा. पाणी, आलं, गवती चहा, चहापत्ती उकळ, दूध घालून पुन्हा उकळी आण, गॅस बंद कर आणि मगच गूळ. चुलीवर असताना घातलास तर दूध फाटू शकतं. उंच ग्लास टेबलावर आणू नको, बसक्या वाट्या किंवा फुलपात्रं, आणि तीही बाजूच्या स्टुलावर. फासे टाकायला खोल ताटात जाडा टॉवेल घाल. आवाज कमी होतो आणि फासा घरंगळत कढीत जात नाही.

तरीही हळद लागलीच तर फासे कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या ब्रशनं घास आणि दुपारच्या उन्हात ठेव, हळदीचा डाग उन्हात उडतो. थिनर लावू नको, आकड्यांचा रंग जातो.

वीज गेली तर बॅटरीचा दिवा आधीच चार्ज करून ठेव, मेणबत्ती कागदांजवळ नको. खसखस तुमच्या बाजारात नाही मिळाली तर २७ पर्यंत कळव, संत्र्याच्या पेटीसोबत एसटीनं पाठवतो. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विनू