शनिवारच्या बैठकीआधी: फक्त चोविसावा सर्ग

सभासदहो, शनिवारी हायस्कूलच्या वर्गात 'इलियड' हे होमरचं ग्रीक महाकाव्य कसं शिकवायचं यावर बोलायचं आहे. सगळे २४ सर्ग वाचून यायची गरज नाही. मुलांकडूनही तशी अपेक्षा ठेवू नका. शेवटचा तेवढा वाचा. ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम रात्री शत्रूच्या, म्हणजे ग्रीक योद्धा अकिलीसच्या डेऱ्यात शिरतो, ज्या हातांनी आपली मुलं मारली त्याच हातांचं चुंबन घेतो आणि आपल्या मुलाचं, हेक्टरचं प्रेत मागतो. इथे वर्ग आपोआप गप्प होतो. देवांची वंशावळ पाठ करून घेताना होत नाही, हा आपला सगळ्यांचाच अनुभव. ट्रॉय जिंकून देणारा लाकडी घोडा 'इलियड'मध्ये येत नाही, हे मुलांना आधीच सांगून टाका. बिचारी शेवटपर्यंत वाट बघतात!

'गिल्गमेश' हे मातीच्या पट्ट्यांवर कोरलेलं मेसोपोटेमियाचं प्राचीन महाकाव्य शिकवायला घेणाऱ्यांनी महापुराची ११वी मृत्पट्टिका आणावी. शक्यतो दोन वेगळे अनुवाद आणा, एकच उतारा शेजारी ठेवून वाचू.