जीन हंट, सॅम टायलर आणि कबुलीजबाब

मँचेस्टर,
रविवार

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. काळात मागे गेलेल्या फौजदाराची मालिका पाहण्याचे आपले वय राहिले नाही आणि जन्मभर फौजदारी वकिली केल्यावर पोलिसांच्या गोष्टी करमणूक म्हणून पाहवतही नाहीत, असे तू लिहिले आहेस. तुझे दुसरे कारण मला पटते, आणि नेमके त्याच कारणासाठी ही मालिका तू पाहावीस असा माझा आग्रह आहे. फोनवर तू मला दुसऱ्या वाक्यालाच तोडतोस, म्हणून सविस्तर लिहायला बसलो आहे.

'लाइफ ऑन मार्स' बीबीसी वनवर जानेवारी २००६ ते एप्रिल २००७ या काळात आली. आठ-आठ भागांची दोन पर्वे झाली आणि लेखकांनी ती तिथेच संपवली. मॅथ्यू ग्रॅहम, टोनी जॉर्डन आणि ॲश्ली फेरो यांना ही कल्पना १९९८ मध्ये सुचली होती, पण ती पडद्यावर यायला पुढची कित्येक वर्षे गेली. सॅम टायलर हा ग्रेटर मँचेस्टर पोलिसांतला नियमाने चालणारा, काहीसा रुक्ष अधिकारी. २००६ मध्ये त्याला मोटारीची धडक बसते. तेव्हा त्याच्या गाडीत आयपॉडवर डेव्हिड बोवीचे मालिकेच्या नावाचे गाणे वाजत असते. शुद्धीवर येतो तेव्हा तेच गाणे एका जुन्या गाडीतल्या टेपवर चालू असते, अंगावर लांब कॉलरचा शर्ट आणि खाली घोळदार पँट असते, आणि साल असते १९७३. तिथे त्याचा हुद्दा एका पायरीने खाली आलेला आहे आणि वरिष्ठ म्हणून त्याच्या वाट्याला जीन हंट आला आहे. आपण वेडे झालो आहोत, बेशुद्धावस्थेत आहोत की खरोखरच मागे आलो आहोत, हा प्रश्न सॅम प्रत्येक भागाच्या सुरुवातीला स्वतःला विचारतो.

काळप्रवासाचा भाग एवढाच. यंत्र नाही, सिद्धांत नाही, भविष्य बदलण्याची धडपडही जुजबी. मधूनमधून रेडिओतून किंवा टेलिफोनमधून इस्पितळातल्या डॉक्टरांचे आवाज येतात, आणि रात्री दूरचित्रवाणीच्या चाचणीचित्रातली (कार्यक्रम नसताना पडद्यावर दाखवायच्या स्थिर चित्रातली), विदूषकाच्या बाहुलीसोबत बसलेली मुलगी पडद्याबाहेर येऊन सॅमला घाबरवते. ते चित्र बीबीसीवर १९६७ पासून खरोखरच दिसत असे, त्यामुळे इथली साठीतली माणसे तिला पाहून अजूनही दचकतात. मला मात्र रस होता तो चौकशीच्या खोलीत.

जीन हंट संशयिताला बडवतो, पुरावा पेरतो, दुपारपासून पितो, बायकांविषयी आणि परदेशी माणसांविषयी वाटेल ते बोलतो, आणि तरीही तो पडद्यावर आला की आपण खुर्चीत सावरून बसतो. फिलिप ग्लेनिस्टरने ही भूमिका अशी केली आहे की सॅमच्या भूमिकेत जॉन सिमसारखा ताकदीचा नट समोर असूनही प्रेक्षकाचे मन त्या धटिंगणाकडे ओढ घेते. हे ओढ घेणे हाच मालिकेचा सापळा आहे, असे मला वाटते, आणि लेखकांना त्याची पुरती जाण होती.

याचा दाखला पहिल्या पर्वाच्या दुसऱ्या भागात आहे. किम ट्रेंट नावाचा दरोडेखोर जीनच्या हाती लागतो. तो गुन्हेगार आहे याविषयी कोणालाच शंका नाही, पण पुरावा नाही, म्हणून जीन तो तयार करतो. सॅम नियमाला धरून त्याला सोडून देतो, आणि सुटलेल्या माणसाच्या पुढच्या दरोड्यात एका निरपराध बाईला गोळी लागते. इथे लेखकाने सॅमला वाचवलेले नाही. नियम पाळण्याची किंमत दुसऱ्याच माणसाला मोजावी लागते, हे तू कोर्टात जितक्या वेळा पाहिले असशील तितक्या स्वच्छपणे मी पडद्यावर क्वचितच पाहिले आहे. मग सातवा भाग येतो. बिली केंबल हा संशयित पोलीस कोठडीत मरतो. सॅम आपल्याच सहकाऱ्यांची चौकशी करतो, टेपरेकॉर्डर समोर ठेवून एकेकाला प्रश्न विचारतो, आणि त्यांच्यातल्याच रे कार्लिंगने त्या माणसाला जबरदस्तीने कोकेन खायला लावल्याचे उघड होते. शेवटी प्रकरण दाबले जाते आणि रेची फक्त पायरी उतरते. हे दोन भाग एकाच आठवड्यात पाहिलेस तर कोणाची बाजू घ्यावी हे ठरवणे तुलाही जड जाईल.

आता तुझ्या कामाची गोष्ट. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हे आपल्या पुराव्याच्या कायद्यातले १८७२ सालचे कलम २५ तू आयुष्यभर ढालीसारखे वापरलेस. नव्या साक्ष्य अधिनियमात ते कलम २३ मध्ये आले आहे. ज्या इंग्रजांनी हे कलम हिंदुस्थानात लिहिले, त्यांनी स्वतःच्या देशात मात्र ते लावले नाही. इथे पोलिसाने लिहून घेतलेली कबुली, ती स्वेच्छेने दिली असे कोर्टाला पटले, की पुरावा म्हणून चालत असे. त्यामुळे आपल्याकडचा फौजदार जसा जुन्या कायद्याच्या कलम २७ खालच्या मेमोरेंडम पंचनाम्याच्या, म्हणजे आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडल्याच्या नोंदीच्या, मागे लागत असे, तसा जीन हंट कबुलीच्याच मागे लागतो. त्याच्या मारहाणीमागे स्वभाव आहेच, पण कायद्यानेही तिला फळ ठेवलेले आहे. शिवाय खटला कोर्टात उभा करण्याचा निर्णयही त्या काळी पोलीसच घेत; खटले चालवणारी स्वतंत्र क्राउन प्रॉसिक्यूशन सर्व्हिस आली ती १९८६ मध्ये.

हे चित्र अतिरंजित वाटले तर १९७२ चे मॅक्सवेल कॉन्फेट खून प्रकरण आठव. लंडनमधल्या तीन पोरांनी पोलिसांपुढे कबुली दिली, त्यांना शिक्षा झाली, आणि १९७५ मध्ये अपिलात ती रद्द झाली. त्यावर चौकशी बसली, पुढे रॉयल कमिशन नेमले गेले, आणि त्यातून १९८४ चा पोलीस व फौजदारी पुराव्याचा कायदा आला, ज्याला इथे सगळे 'पेस' म्हणतात. कोठडीची जबाबदारी तपासाशी संबंध नसलेल्या अधिकाऱ्याकडे देणे, वकिलाचा हक्क, जबाबाचे ध्वनिमुद्रण, हे सारे त्या कायद्याच्या आधाराने रुजले. सॅम टायलर १९७३ मध्ये टेपरेकॉर्डर लावतो तेव्हा सहकारी त्याच्याकडे खुळ्यासारखे पाहतात. अकरा वर्षांनी संसदेने जे लिहिले, ते तो आधीच पाळत असतो. २००६ मधून त्याने बरोबर आणलेली खरी वस्तू कोणती असेल, तर ती ही कार्यपद्धती आहे.

बारकाव्यांत मालिका चोख आहे. सॅम ज्या ग्रेटर मँचेस्टर पोलीस दलाचा, ते दल १९७४ मध्ये स्थापन झाले, म्हणून १९७३ मध्ये त्याला मँचेस्टर अँड सॅलफर्ड पोलिसांत काम करावे लागते. ॲनी कार्टराइट ही त्यांच्यातली सगळ्यांत हुशार पोलीस, पण पहिल्या पर्वात तिला पुरुषांची थट्टा सोसत गणवेशातच राहावे लागते आणि गुप्तहेर शाखेत जागा मिळते ती दुसऱ्या पर्वात. ठाण्याची बाहेरून दिसणारी इमारत म्हणजे स्टॉकपोर्टमधले स्टॉपफर्ड हाउस. तिथून जाताना तो काँक्रीटचा ठोकळा मला आता निराळाच दिसतो. एक चूक मात्र सगळेच दाखवतात. सॅम जागा होतो तिथे मँक्युनियन वे या उन्नत रस्त्याच्या कामाचा फलक आहे, आणि तो रस्ता तर १९६७ मध्येच खुला झाला होता. मला ती चूक खपते, कारण १९७३ मध्ये सॅम जेमतेम चार वर्षांचा होता. त्याचे ते मँचेस्टर लहानपणीच्या धूसर आठवणींवर आणि दूरचित्रवाणीवरच्या पोलिसांवर उभे आहे. अशा शहरात रस्त्यांच्या तारखा जुळतील कशा?

तू कादंबरीचेही शेवटचे पान आधी वाचतोस, तेव्हा शेवट सांगून टाकतो. सॅम २००६ मध्ये परततो. स्वच्छ कार्यालय, काचेच्या भिंती, बैठका. अशाच एका बैठकीत त्याच्या हाताला जखम होते, रक्त येते, आणि त्याला काहीच जाणवत नाही. जाणवते तोवर माणूस जिवंत, असे १९७३ मधल्या नेल्सन या गुत्तेवाल्याने त्याला सांगितलेले असते. सॅम छपरावरून उडी मारतो आणि पुन्हा जीनच्या टोळीत, ॲनीजवळ जाऊन पोहोचतो. इथल्या माझ्या मित्रमंडळींना हा शेवट फार आवडतो. माझे तसे नाही. दिग्दर्शन उत्तम आहे, डोळ्यांत पाणीही येते, पण ज्या जगात बिली केंबल कोठडीत मेला, त्या जगात परत जाण्याला लेखक 'जिवंत होणे' म्हणतात आणि केंबलचा साधा उल्लेखही करत नाहीत. नियमांचे जग बधिर आणि मुस्कटदाबीचे जग रसरशीत, ही वाटणी मला फार सोयीची वाटते.

पुढे 'ॲशेस टू ॲशेस' नावाने तीन पर्वे निघाली, २००८ ते २०१० मध्ये. त्यात जीन लंडनला येतो, साल १९८१ होते, आणि कीली हॉजने केलेली ॲलेक्स ड्रेक ही पोलीस मानसशास्त्रज्ञ सॅमच्या जागी येते. पहिली दोन पर्वे कपड्यांच्या आणि गाण्यांच्या नादात सैल झाली आहेत. तिसऱ्यात ते जग नेमके कोणते आणि जीन तिथे का आहे, याचे उत्तर मिळते. ते मी सांगणार नाही, कारण त्या उत्तराने माझी वरची तक्रार निम्मी तरी फिटते आणि ती तुझ्याशी वाद घालण्यासाठी मला शाबूत हवी आहे. अमेरिकन अवतार पाहण्यात वेळ घालवू नकोस.

तेव्हा आधी दुसरा आणि सातवा भाग पाहा. मग मला एवढेच कळव, की सातव्या भागातल्या त्या टेपा तुझ्या हाती आल्या असत्या, तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आधी कोणाला उभे केले असतेस, रे कार्लिंगला की जीन हंटला?

वहिनींना माझा नमस्कार सांग.

तुझा,
श्रीधर