रक्तदाबाच्या रुग्णाचे पोटॅशियम कोण तपासणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उच्च रक्तदाबावरील लेखांत पक्षाघात आणि मूत्रपिंडाबद्दल भरपूर लिहिले जाते. हृदयाच्या स्नायुपेशींतल्या विजेबद्दल मात्र क्वचितच. अवेळी पडणाऱ्या धोकादायक ठोक्यांचे मूळ पुष्कळदा तिथेच असते.

हृदयाच्या खालच्या कप्प्यातील पेशी स्वस्थ असताना तिच्या आत बाहेरच्या मानाने सुमारे उणे ८५ ते ९० मिलिव्होल्ट असतात. सोडियम आत घुसले की हा आकडा क्षणात शून्याच्या वर जातो, मग कॅल्शियम तो टिकवून धरते आणि पोटॅशियम बाहेर पडले की पेशी पूर्वपदावर येते. एकूण वेळ साधारण पाव सेकंद. वर्षानुवर्षे दाबाविरुद्ध पंप करून जाड झालेल्या पेशीत पोटॅशियमची ही वाटच अरुंद होते. पेशी सावरायला उशीर लागतो, तोही सगळीकडे सारखा नाही. तेवढ्यात कॅल्शियमची दारे पुन्हा उघडली तर अवेळी ठोका पडतो. मध्ये तंतुमय चट्टे असतील तर विजेची लहर वळसा घेऊन तिथेच फिरत राहू शकते.

इसीजीत, म्हणजे हृदयातील विजेच्या आलेखात, छातीवरच्या व्ही-१ या जागेची एस ही खाली जाणारी लाट आणि व्ही-५ किंवा व्ही-६ या जागेची आर ही वर जाणारी लाट यांची बेरीज ३५ मिलिमीटर किंवा जास्त भरली, तर हृदय जाड झाल्याचा संशय घेतात. त्याआधी पट्टीवरची यंत्राचे माप दाखवणारी १० मिलिमीटरची चौकट पाहावी. यंत्र निम्म्यावर लावलेले असेल तर लाटा निम्म्याच दिसतात. सडपातळ तरुणांत लाटा उगाच उंच, स्थूल व्यक्तींत बुटक्या. त्यामुळे ‘इसीजी नॉर्मल’ म्हणजे हृदय जाड झालेले नाही, असे मुळीच नाही. ते इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, कळते.

क्यूटी, म्हणजे खालच्या कप्प्यांत वीज उठल्यापासून पेशी पूर्वपदावर येईपर्यंतचा इसीजीवरचा काळ, तर नुसता मोजून भागत नाही. त्याला दोन ठोक्यांमधील अंतराच्या वर्गमुळाने भागावे लागते. क्यूटी ०.४४ सेकंद, अंतर ०.८१ सेकंद, म्हणजे ०.४४ भागिले ०.९: सुमारे ०.४९. वरवर बरा वाटणारा आकडा प्रत्यक्षात लांबलेला निघतो.

आता खरा मुद्दा. रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या थायझाइड गटातील लघवीच्या गोळ्यांनी रक्तातील पोटॅशियम उतरू शकते. ते लिटरला ३.५ मिलिमोलच्या खाली गेले की आधीच रेंगाळणारी पेशी आणखी रेंगाळते. गोळी चांगली आहे, मनाने बंद करू नये. पण ती सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत सोडियम-पोटॅशियम तपासायला हवे, जुलाब-उलट्या झाल्यास पुन्हा. पोटॅशियम देऊनही चढत नसेल तर मॅग्नेशियम पाहावे. अझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविकेही क्यूटी लांबवतात; ती लिहून घेताना रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांपुढे ठेवावी.

आपल्या आरोग्य पानावर रक्तदाबाच्या गोळ्यांची माहिती येईल तेव्हा त्याखाली या तपासणीची एक ओळ छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक