बाबांच्या भागाकाराविषयी

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांनी पाठवलेला हिशेब वाचला. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून दोन शहरांमधले अंतर मोजायचे, त्याला ताशी ९०० किलोमीटरने भागायचे आणि येईल तो प्रवासाचा वेळ, ही रीत वरवर चोख वाटते. तरीही उत्तर तिकिटावरच्या तासांशी जुळले नाही, याचा पहिला दोष नकाशाकडे जातो. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की ध्रुवांकडचे प्रदेश ताणले जातात आणि पट्टीने आखलेली सरळ रेघ प्रत्यक्षात लांबचा रस्ता ठरते. त्याऐवजी पृथ्वीगोल घेऊन टोकियो आणि लॉस एंजेलिस या शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो आपोआप उत्तरेला, अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांच्या दिशेने चढेल. सुमारे ८,८०० किलोमीटरचा हाच सर्वांत जवळचा मार्ग आहे. म्हणून आई, समोरच्या पडद्यावर विमान वाकडे जाताना दिसले, तरी ते वाट चुकले असे समजू नकोस.

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि मला विचाराल तर सगळी गंमत तिथेच आहे. याच मार्गावर टोकियोहून निघालेले विमान साधारण दहा तासांत पोहोचते, पण परतताना त्याला साडेअकरा-बारा तास लागतात. पृथ्वी फिरते म्हणून असे होत असावे, हा बाबांचा तर्क मात्र इथे लागू पडत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते. केवळ फिरण्यानेच फरक पडला असता, तर उलट पश्चिमेकडचा प्रवास लवकर आटोपला असता. खरे कारण असे, की जमिनीपासून नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचा झोत वाहतो. हिवाळ्यात जपानच्या आसपास त्याचा वेग कधीकधी ताशी ३०० किलोमीटरच्याही पुढे जातो. पडद्यावर जमिनीच्या हिशेबाने वेग दाखवतात, तो आकडा पाहत बसा: इंजिनाचा जोर तेवढाच असताना पूर्वेकडे जाताना तो हजाराच्या वर चढतो आणि परतीच्या वाटेवर आठशेच्याही खाली उतरतो.

कधीकधी वाट आकाशापेक्षा राजकारण ठरवते. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय विमान कंपन्यांना बंद झाले आणि फिनलंडमधल्या हेलसिंकीपासून टोकियोपर्यंतचा हा नऊ-दहा तासांचा प्रवास तेरा तासांच्या आसपास गेला. शहरे होती तिथेच राहिली. त्यामुळे नुसते अंतर सांगून मोकळ्या होणाऱ्या तक्त्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असतात, म्हणून त्यांची थेट वजाबाकी करू नये. टोकियोहून संध्याकाळी निघालेला प्रवासी आंतरराष्ट्रीय वाररेषा (जिथे पूर्वेकडे जाताना तारीख एक दिवस मागे येते) ओलांडून लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी उतरतो, तिथे बाबांचे उत्तर उणे येईल. शिवाय छापलेल्या वेळेत विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा थांबेपर्यंतची सगळी मिनिटे धरलेली असतात.

तेव्हा तुमच्या तिकिटावर 'एकूण कालावधी' तेवढा पाहा आणि मध्ये विमान बदलायचे असेल, तर तिथे किमान तीन तास हाताशी ठेवा. आईच्या गुडघ्यांचा विचार करता व्हीलचेअरची मागणी आरक्षण करतानाच नोंदवावी. पैसे भरण्यापूर्वी मार्ग मला एकदा कळवा, म्हणजे बदलता येईल ते वेळीच बदलू.

तुमची,
धाकटी