अक्का, तुमची चादर अजून माझ्याकडेच आहे

अक्का,

हे पत्र मुद्दाम चारचौघांत लिहितेय. घरी येऊन आभार मानले असते तर "असू दे गं" म्हणून तुम्ही चहा टाकला असता आणि विषय तिथेच मिटवला असता.

ज्यांनी मदत केली नाही त्यांचं आधी बोलून घेते, म्हणजे मन मोकळं होईल. तुकडे जोडून केलेल्या पांघरुणाचे थर मी मशीनवर एकत्र शिवत होते, दोन तुकडे जिथे जुळतात त्या जोडाच्या खाचेतून. शिवणाच्या ज्या वर्गात आगाऊ फी भरली, तिथे टाका खाचेतून बाहेर पडतोय म्हटल्यावर निदान एकच: हात स्थिर नाही. मशीन दुरुस्त करणाऱ्याने वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, आवळून दिलं आणि पैसे घेतले. त्याने झालं एवढंच की बॉबिनचा, म्हणजे खालचा, दोरा ठिपक्याठिपक्यांनी वरच्या कापडावर दिसायला लागला. उसव आणि पुन्हा मार, हा सल्ला तर सगळ्यांनीच फुकट दिला. एकाच रेषेवर तीनचारदा उसवलं की सुईच्या भोकांनी कापडाची चाळण होते, हे मात्र कुणाच्या तोंडून निघालं नाही.

तुम्ही हाताकडे पाहिलंच नाहीत. मशीनच्या डाव्या कडेवरून खाली लोंबणाऱ्या पांघरुणाकडे पाहिलंत. बसायला अंथरलेली सोलापुरी चादर स्वतःखालून काढलीत, तिची आठ पदरी घडी स्टुलावर ठेवलीत, घडीचा माथा मशीनच्या पाटाशी जुळतोय का ते तळव्याने चाचपलंत आणि वर जुन्या नायलॉन साडीचा तुकडा टाकलात, पांघरूण अडकू नये म्हणून. "हाताला काय बोल लावतीस, वजन बघ की आधी." एवढंच.

सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, मागाच्या खडखडाटात वाढलेल्या माणसाला कापडाची ओढ कळते ती अशी. वरचं जोडकाम, मधलं वॅडिंग म्हणजे भरणाचा थर आणि खालचं अस्तर मिळून दुहेरी पलंगाचं पांघरूण चांगलंच जड होतं. ते कडेवरून लोंबलं की कापड पुढे सरकवणाऱ्या मशीनच्या दात्यांना प्रत्येक टाक्याला तो सगळा भार ओढावा लागतो. दाते कमी पडतात, टाका आखूड होतो, आणि ओढ तिरकी असल्याने सुई खाच सोडून उंचवट्यावर चढते. आपण हाताने खेचून भरपाई करायला गेलो की सुई वाकते, पाटीवर आपटते आणि मोडते. लोक म्हणतात सुई हलकी होती. डावीकडे आणि मागे आधार मिळाला की 3 मिलिमीटरवर लावलेला टाका 3 मिलिमीटरचाच पडतो. सुईपुढचं कापड ताणून धरायचं नाही, मांडीवर आणि टेबलावर त्याचा सैल ढीग ठेवायचा, हेही तुम्ही त्याच वेळी ढीग रचून दाखवलंत.

मग खाच. आम्ही नवशिक्या बायका तिला नुसती रेष समजतो. पाव इंचाचा जोड इस्त्रीने एका अंगाला मोडला की त्या अंगाला कापडाचे जादा पदर येतात आणि ते अंग उंच होतं. दुसरं अंग सखल. टाका सखल अंगाला, उंचवट्याला अगदी खेटून पडला पाहिजे. तुम्ही डोळे मिटायला लावून नखाने दोन्ही अंगं चाचपायला लावलीत, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. जोड उघडून दोन्हीकडे इस्त्री केला असेल तर खाचेत कापड नसतंच, नुसता जोडाचा दोरा असतो. तिथे मारलेला टाका त्या दोऱ्यावर बसतो आणि जोड कमजोर होतो. म्हणून अशा जोडावरून न जाता त्याच्या शेजारून पाव इंचावर शिवण घेतलेली बरी. चार तुकडे मिळतात त्या चौकात आणखी एक गंमत. शेजारच्या दोन ओळींचे जोड उलटसुलट अंगांना मोडलेले असतात, त्यामुळे चौक ओलांडला की सखल अंग बदलतं. सुई कापडात खाली ठेवून थांबायचं, फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, उचलून कापड केसभर वळवायचं आणि एका टाक्यात पलीकडच्या अंगाला जायचं. सरळ दामटलं की तिथे टाका उंचवट्यावर उघडा पडतो, आणि चौकातलाच दोष सगळ्यात आधी नजरेत भरतो.

दोन्ही तर्जन्यांनी खाच किंचित उघडायची, बोटं सोडली की कापड मिटतं आणि दोरा आत बुडतो. नजर सुईवर नको, फुटाच्या अर्धा इंच पुढे हवी. सुई वर-खाली होताना बघत बसलं की हात तिच्या मागे डुलायला लागतो.

वॉकिंग फूट लावला नाही म्हणून तुम्ही रागावलात ते योग्यच होतं. साध्या फुटाखाली दाते अस्तर सरकवतात, वरचं कापड मात्र फुटाला अडून पुढे गोळा होतं, आणि त्याची चुणी चौकात येऊन बसते. वॉकिंग फुटाला स्वतःचे दाते असतात, ते वरचं कापडही तेवढंच सरकवतात. त्याची दांडी सुईच्या स्क्रूवर बसते आणि दांडीच्या हिसक्यांनी स्क्रू सैल होतो, तेव्हा तो अधूनमधून आवळत राहायला हवा. त्या फुटावर उलटी शिवण धड येत नाही. सुरुवातीला आणि शेवटी पाच-सहा बारीक टाके घेतले की दोरा पक्का होतो.

बाकीचं पाठच झालंय: सुई 14 नंबरची, सेफ्टी पिना चार-चार इंचांवर पण जोडावर एकही नाही, अस्तर चारी बाजूंनी चार इंच जास्त, सुरुवात मधल्या जोडापासून आणि मग कडेकडे. मे महिन्यात तळवे घामेजून कापडावरून निसटतात, त्यासाठी रबरी ठिपक्यांचे हातमोजे हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, हा तर खास तुमचाच शोध.

भाजी नासकी निघाली तर "नीट बघून घ्यायचं होतं" असं न म्हणता दुसरी जुडी पिशवीत टाकणारी बाई असते ना, तुम्ही त्या जातीतल्या. तीस वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाला समोरच्याच्या हाताला नावं ठेवणं सोपं असतं. तुम्ही जमिनीवर बसलात, चादर काढून दिलीत आणि मग फरशी टोचते म्हणून पाय बदलत राहिलात. ते दिसत होतं मला.

आता एकच अडलंय. बॉर्डरच्या कोपऱ्यातला जोड 45 अंशांत आहे, म्हणजे कापडाच्या धाग्याला तिरका, आणि वॉकिंग फूट लावूनही तिथे ताणतोय. आतल्या टोकाकडून बाहेर यावं, की बाहेरून आत? गुरुवारी दुपारी कोपरा घेऊन येते. चादर तेव्हा आणू, की बॉर्डर होईपर्यंत राहू दे?